मुंबई स्पेशल

जुन्या मनगटी घड्याळांच्या नादी लागलेल्या लोकांच्या जगात मुंबईच्या नावाने एक शिवी आहे. लंडनचा असो की म्युनिकचा, मुरलेला संग्राहक एखादं घड्याळ हातात घेतो, भिंगातून तबकडीवर नजर फिरवतो आणि नाक मुरडून म्हणतो, "मुंबई स्पेशल." मग ते घड्याळ बाजूला. मशीन जुनं आणि खरं, बहुधा स्विस नाहीतर जपानी. पण तबकडी नव्याने रंगवलेली. रंग भडक निळा किंवा केशरी. अक्षरं जाड, थोडी तिरकी. मिनिटांच्या रेघा एका बाजूला दाटीवाटीने, दुसऱ्या बाजूला विरळ. काटे भलत्याच घड्याळाचे. केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला, पॉलिश इतकं मारलेलं की कोपरे गोल झालेत.

शिवी अगदीच खोटी नाही. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात फेरी मारली तर असली घड्याळं ढिगाने दिसतात. त्यातलीच काही 'दुसऱ्या महायुद्धातलं, लष्करी, दुर्मिळ' अशी बिरुदं लावून साता समुद्रापार जातात. ज्यांनी चांगले पैसे मोजले आणि फसले त्यांनी शिव्या द्याव्यात, त्यांना कोण अडवणार? माझी तक्रार एवढीच की या एका शिवीत लबाड विकणारा आणि इमानाने दुरुस्ती करणारा, दोघांनाही एकाच माळेत ओवलं जातं.

माझ्याकडेही एक मुंबई स्पेशल आहे. एचएमटीचं पायलट, काळ्या तबकडीचं. चारचा आकडा उजवीकडे झुकलेला, आणि 'पायलट' हा शब्द मध्यापासून केसभर सरकलेला. जाणकार गिऱ्हाईक त्याचे पाचशे रुपयेही देणार नाही. ते कुठून आलं ते पुढे सांगते, आधी बाकीच्या पसाऱ्याबद्दल.

पसारा तसा गरीबच आहे. सोन्याचा मुलामा असलेलं त्यात एकही नाही. एचएमटी बरीच: जनता, पायलट, जवान. काही रशियन, काही सेको फाइव्ह, एक वेस्ट एंड. सगळी चावीची किंवा ऑटोमॅटिक, सेलवर चालणारं एकही नाही. आणि सगळी पुरुषांची. पट्टा बदलायला दुकानात गेले की "ताई, हे जेन्ट्स आहे" असं अजूनही ऐकवलं जातं. पस्तीस-छत्तीस मिलिमीटरचं घड्याळ माझ्या मनगटावर व्यवस्थित बसतं, आणि लेडीज घड्याळाच्या टिचभर तबकडीवर वेळ वाचायला मला चष्मा शोधावा लागतो. काम करणाऱ्या बाईने लहान घड्याळ घालावं, हे कुणी ठरवलं असेल कोण जाणे.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. मायक्रोमीटर, गेज, 'हा पीस पास, तो रिजेक्ट' यात दिवस जातो. त्यामुळे घड्याळ उघडल्यावर मला आधी मापं दिसतात, आठवणी नंतर. आणि मापांच्या बाबतीत दणकट घड्याळासारखी नवलाची वस्तू दुसरी मला माहीत नाही. घड्याळाचा जीव असतो बॅलन्सच्या चाकात. केसाहून बारीक अशी एक गुंडाळलेली कमान त्या चाकाला मागेपुढे झुलवत ठेवते. जुन्या एचएमटीत हे चाक सेकंदाला पाच ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. चाक ज्या आसावर झुलतं त्याची टोकं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीची. अशा टोकांवर तोललेलं चाक मनगटावर बांधायचं आणि त्या हाताने हातोडा मारायचा, पोती उचलायची, मोटारसायकलला किक मारून खडबडीत रस्त्याने जायचं. आमच्या कारखान्यात कुणी असं डिझाइन आणलं असतं तर पहिल्याच बैठकीत परत पाठवलं असतं.

पूर्वी घड्याळ हातातून फरशीवर पडलं की सगळा दणका त्या टोकांवर यायचा आणि टोक मोडायचं. नवा आस लेथवर घडवून बसवायचा, हे घड्याळजींच्या रोजच्या कामांपैकी एक. अब्राहम-लुई ब्रेगे या पॅरिसच्या घड्याळजीने १७९० च्या सुमारास यावर तोड काढली, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. टोक ज्या माणकात फिरतं ते माणिक घट्ट ठोकून बसवायचं नाही. एका नाजूक स्प्रिंगखाली मोकळं ठेवायचं. दणका बसला की माणिक सरकतं, आसाचा जाड भाग बाजूच्या धातूला टेकून मार खातो आणि क्षणात स्प्रिंग सगळं पुन्हा जागेवर आणते. म्हणजे मार चुकवायचा नाही, तो बारीक टोकाऐवजी जाड अंगावर घ्यायचा. १९३४ मध्ये इन्काब्लॉक नावाने ही युक्ती कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनवता येईल अशी झाली. जपानच्या सिटिझनने आपली पॅराशॉक पद्धत काढली ती १९५६ मध्ये, आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून घड्याळं चक्क हेलिकॉप्टरमधून खाली टाकून दाखवली.

हेच पॅराशॉक पुढे आपल्याकडच्या लाखो मनगटांवर आलं. १९५३ साली सुरू झालेली हिंदुस्तान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, मुळात लेथ आणि तशी इतर यंत्रं बनवणारी सरकारी कंपनी. १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीने तिने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला आणि पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. टनावारी वजनाची यंत्रं बनवणाऱ्यांनी ०.१ मिलिमीटरच्या टोकाला हात घालावा, याचं मला अजून अप्रूप वाटतं. नंतर श्रीनगर, तुमकूर, उत्तराखंडातलं राणीबाग अशी कारखान्यांची संख्या वाढत गेली. सैन्यासाठी जवान, काळ्या तबकडीचं पायलट, आणि सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत साधं ते जनता. तबकडीवर '१७ ज्वेल्स, पॅराशॉक' असं इंग्रजीत छापलेलं.

या ज्वेल्सनी खेड्यापाड्यांत काय धुमाकूळ घातला होता! घड्याळात सतरा माणकं आहेत म्हटल्यावर दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ घरी आणताना प्रत्येकाच्या मनात शंका: आतलं एखादं माणिक काढून तर घेतलं नसेल? आमच्या गावात एक गृहस्थ घड्याळजीच्या समोर स्टूल टाकून दुरुस्ती होईपर्यंत पापणी न हलवता बसत. वास्तविक ही माणकं कृत्रिम. ऑग्युस्त व्हर्नई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये माणिक भट्टीत बनवण्याची रीत जाहीर केली, तेव्हापासून घड्याळातलं माणिक कवडीमोलाचं झालं. ते तिथे असतं ते घर्षण कमी व्हावं म्हणून. चोरून त्याची नथ होणार नव्हती. पण हे त्या गृहस्थांना सांगणार कोण?

एचएमटीच्या आधी दणकट घड्याळ आपल्याकडे नव्हतंच असं नाही. वेस्ट एंड ही स्विस घड्याळांची कंपनी १८८६ पासून मुंबईशी जोडलेली. तिचं 'सोवार' पलटणीतल्या आणि रेल्वेतल्या लोकांच्या हातावर असे. फेवर-ल्यूबाचाही हिंदुस्थानातला व्यापार एकोणिसाव्या शतकापासूनचा. पण स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली, स्विस घड्याळाचा भाव आकाशाला भिडला, आणि किनाऱ्यावर चोरून उतरणाऱ्या मालात सोन्याच्या बरोबरीने मनगटी घड्याळं येऊ लागली. लग्नात जावयाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ हे मागणं काही उगाच नव्हतं. घड्याळ ही कमाईची वस्तू होती. ती बिघडली म्हणून टाकून देण्याचा विचारही कुणाच्या डोक्यात येत नसे. काच तडकली, बदला. काटा गंजला, दुसऱ्या मेलेल्या घड्याळाचा बसवा. तबकडी खराब झाली, रंगवून आणा. आज ज्याला मुंबई स्पेशल म्हणतात त्याचा उगम माझ्या मते या नाइलाजात आहे. लबाडी त्यावर नंतर येऊन बसली.

आता माझ्या पायलटकडे येते. ते आबांचं, माझ्या वडिलांचं. आबा एसटीत चालक होते, आगार सातारा. पसरणीचा घाट, केळघरचा घाट, मेढा, महाबळेश्वर, अशी बहुतेक नोकरी चढ-उतारावर. पायलट आणि तेही ड्रायव्हरच्या हातावर, म्हणून आगारात त्यांना 'पायलटसाहेब' म्हणत. ते घड्याळ उलटं बांधत, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. स्टेअरिंगवरचा हात न उचलता, न वळवता वेळ दिसतो. त्या काळच्या गाड्यांना पॉवर स्टेअरिंग नव्हतं. घाटात वळण घ्यायचं म्हणजे दोन्ही खांद्यांचं काम. वर गिअरच्या दांड्याची थरथर, इंजिनाची थरथर, रस्त्याची वेगळी. वर्षानुवर्षं स्टेअरिंगला घासून त्या केसची एक कड सपाट झाली आहे, इतकी की मी व्हर्नियर लावून दोन्ही बाजूंतला फरक मोजला. धंद्याची खोड, दुसरं काय.

ते घड्याळ अचूक होतं का? नव्हतं. दिवसाला अर्धा मिनिट मागे पडायचं. पण अचूकपणाचं काम आबांनी घड्याळावर टाकलंच नव्हतं. स्टँडवर कंट्रोलरच्या केबिनमध्ये भिंतीवर घड्याळ असे, गाडी सुटली-पोचली ती त्या घड्याळाप्रमाणे. आबा निघताना आपलं घड्याळ त्याच्याशी मिळवून घेत. त्यांना हवं होतं असं घड्याळ, जे साताऱ्याहून महाबळेश्वरला पोचेपर्यंत बंद पडणार नाही. संग्राहकांच्या गप्पांत अमुक घड्याळ दिवसाला दोन सेकंद चुकतं आणि तमुक चार, असा कीस निघतो तेव्हा मला ते केबिनमधलं घड्याळ आठवतं.

पाऊस मात्र त्या घड्याळाला बाधला. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी घाटात बंद ठेवून चालत नाही. काचेच्या कडेने ओल आत गेली. तबकडीचा काळा रंग फुगला, मग त्याचे पोपडे निघाले, आकड्यांवरचं रेडियम शेवाळल्यासारखं हिरवट झालं. साताऱ्याच्या घड्याळजींनी झाकण उघडून पाहिलं, मशीन साफ केलं, तेल दिलं आणि म्हणाले, कंपनीची तबकडी मागवू शकतो, कधी येईल सांगता येत नाही. नाहीतर मुंबईला पाठवून रंगवून आणतो, निम्म्या पैशात होईल. आबांनी दुसरा पर्याय घेतला. तबकडी मुंबईहून रंगून आली तेव्हा मी त्यांच्याबरोबर दुकानात होते. चारचा आकडा वाकडा आहे हे मला लगेच दिसलं आणि मी तसं म्हटलंही. घड्याळजींचं तोंड उतरलं. आबांनी घड्याळ कानाला लावलं, मग हातभर लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "येळ दिसतीया न्हवं? मग झालं तर."

तर अशा रीतीने आमच्या घरी शब्दशः मुंबई स्पेशल आलं.

संग्राहकांच्या दरबारात मोठा मान असलेल्या घड्याळांच्या एका टोळीचं उदाहरण इथे द्यायलाच हवं, कारण त्यांच्या शुद्धतेच्या कल्पनेला तिथेच भोक पडतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश संरक्षण खात्याने सैनिकांसाठी मनगटी घड्याळाचं एक प्रमाण ठरवलं: काळी तबकडी, अंधारात दिसणारे आकडे, पाण्याला आणि दणक्याला दाद न देणारी केस, न फुटणारी काच. ओमेगा, लाँजिन, आयडब्ल्यूसी, सायमा, व्हर्टेक्स, टिमॉर, ब्यूरेन, ग्राना अशा १२ कंपन्यांनी ती बनवली आणि १९४५ मध्ये ती लष्कराच्या ताब्यात आली. बाराही घड्याळांचा संच जमवायचा म्हणजे घर विकायची तयारी हवी, विशेषतः ग्रानासाठी. पण युद्धानंतर याच घड्याळांचं काय झालं? लष्कराच्या कार्यशाळांतल्या कारागिरांनी ती पुढे वर्षानुवर्षं दुरुस्त केली. रेडियम घातक म्हणून मूळ तबकड्या काढून दुसऱ्या बसवल्या. काटे बदलले. एका घड्याळाचं झाकण दुसऱ्याला लागलं. नंबर जुळतायत का, याची फिकीर त्या कारागिरांना नव्हती. शिपायाला चालू घड्याळ द्यायचं होतं. आज त्या बदललेल्या तबकड्यांना संग्राहक आदराने 'एमओडी डायल', म्हणजे संरक्षण खात्याची तबकडी, म्हणतात आणि तो त्या घड्याळाच्या इतिहासाचा भाग मानतात.

मग साताऱ्याच्या घड्याळजींनी तबकडी बदलली तर तो इतिहास का नाही? सरकारी कार्यशाळेत खाकी अंगरख्यातल्या माणसाने बदललं की परंपरा, आणि जिन्याखालच्या टपरीत बसणाऱ्याने बदललं की भेसळ? मान्य आहे, लष्कराच्या तबकड्या सरळ छापलेल्या होत्या आणि आमचा चार वाकडा आहे. पण हा फरक हाताच्या सफाईचा झाला. हेतूचा मला तरी दिसत नाही.

रशियन व्होस्टोकबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते माझं लाडकं. मॉस्कोतला एक घड्याळ कारखाना १९४१ मध्ये, जर्मन सैन्य जवळ आलं तेव्हा, उचलून पूर्वेकडे कामा नदीकाठच्या चिस्तोपोल गावी नेण्यात आला. तिथेच पुढे व्होस्टोक घडू लागली. १९६७ मध्ये मिखाईल नोविकोव्ह आणि व्हेरा बेलोवा या अभियंत्यांनी 'अँफिबिया' काढलं, २०० मीटर खोल पाण्यात चालणारं. स्विस लोक हे साधत ते अतिशय काटेकोर मापांनी: झाकणाचे आटे घट्ट, रबराची कडी नेमकी, सगळं शतांश मिलिमीटरच्या हिशेबात. चिस्तोपोलला तेवढा काटेकोरपणा परवडणारा नव्हता. म्हणून त्यांनी कोडं उलटं केलं. झाकण सपाट ठेवलं, त्याखाली जाडजूड रबर घातलं आणि झाकण न फिरता ते वरून वेगळ्या आट्यांच्या कड्याने दाबून धरलं. माणूस जितका खोल जाईल तितकं बाहेरचं पाणी झाकणाला आत दाबतं, रबर आणखी चेपतं आणि फट उरत नाही. आतून बसणाऱ्या झाकणाचा प्रेशर कुकर वाफ धरली की जसा आणखी घट्ट होतो, तसंच. फक्त दाबाची दिशा उलटी. काचही त्यांनी अॅक्रिलिकची जाड ठेवली, जी दाबाखाली किंचित वाकते आणि कडेला जास्तच रुतते. चावी ओढली की अशी डगडगते की नवा गिऱ्हाईक म्हणतो, मोडकी आहे. ती मुद्दाम सैल आहे, बाहेरून धक्का बसला तर आतली दांडी वाकू नये म्हणून.

क्वालिटीत काम करणाऱ्या बाईला हे घड्याळ का आवडतं, ते माझे सहकारीही विचारतात. आमचा सगळा धंदा मापं घट्ट करण्याचा. इथे कुणीतरी मापं सैल ठेवून काम साधलंय, आणि शत्रूलाच कामाला लावलंय. वाईट रंगाची, जाड, बेढब ती वस्तू हातावर असली की मला मीटिंगमध्ये बरं वाटतं.

अॅक्रिलिकच्या काचेचा आणखी एक गुण. ओरखडे पडले की थोडी टूथपेस्ट मऊ फडक्यावर घ्यायची आणि गोल गोल घासायचं. काच नव्यासारखी होते. रविवारी दुपारी मी हे करत बसते तेव्हा घरातले लोक एकमेकांकडे बघतात. महागड्या घड्याळांची सफायरची काच याहून कितीतरी कठीण, तिला सहसा ओरखडा पडत नाही. पण ती फुटते तेव्हा फुटतेच, आणि तिचे तुकडे मशीनमध्ये जातात. मला दणकट म्हणजे पहिली काच वाटते. जिचा मार दिसतो आणि जो मला घरच्या घरी पुसता येतो.

जुन्या बाजारात मी अजूनही जाते. फसवणूक ओळखणं तितकं अवघड नसतं. तबकडीवर लिहिलेलं आणि झाकणाच्या आत कोरलेलं नाव वेगळं असेल, 'शॉकप्रूफ'चं स्पेलिंग चुकलं असेल, किंवा ऐंशी वर्षांच्या लष्करी घड्याळाचे आकडे अंधारात ट्यूबलाइटसारखे पेटत असतील, तर मुकाट्याने पुढे जावं. मी विचारते ते एवढंच: "रंगवलीय का?" कोणी शपथा घेतो, कोणी हसून "हां, रिडायल है" म्हणतो. दुसऱ्याकडून मी घेते. त्यांच्यातल्या एका चाचांनी मला तबकडीची मागची बाजू दाखवली होती. वर कितीही थर चढवले तरी मागे मूळ कारखान्याचा शिक्का आणि पितळेचे दोन पाय तसेच असतात. "आगे पेंट, पीछे सच," म्हणाले. एवढा डायलॉग मारून घड्याळाची किंमत मात्र त्यांनी कमी केली नाही.

एचएमटीच्या घड्याळांचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. क्वार्ट्झ आलं, टायटन आलं, आणि सरकारी कारखाना मागे पडत गेला. २०१४ मध्ये तो बंद होणार अशी बातमी पसरली तेव्हा ज्यांनी कित्येक वर्षांत एचएमटीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं तेही उरलेली घड्याळं विकत घ्यायला धावले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने एचएमटी वॉचेस बंद करण्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यानंतर पायलटचे भाव वाढले. त्याबरोबर खोट्या पायलटांची पैदासही वाढली, ओघानेच आलं.

आबांना माझ्या या छंदाचं तीळमात्र कौतुक नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर सेलचं घड्याळ घेतलं. "रोज चावी द्या, रोज मिळवा, कुणी सांगितलाय ताप?" पायलट लोखंडी कपाटात, विम्याच्या पावत्यांच्या डब्यात पडलं होतं. मी मागितलं तेव्हा म्हणाले, "ने की. त्यात काय हाय?" सकाळी उठल्यावर चहा उकळेपर्यंत मी चारपाच घड्याळांना चावी देते. अंगठा आणि तर्जनीत कमान भरत जाते, शेवटी ती अडते, तिथे थांबायचं. कुठलं घड्याळ किती वेढ्यांनी भरतं ते बोटांना माहीत झालंय. आबांना यात काही गंमत दिसत नाही, आणि का दिसावी? त्यांनी हेच तीस-बत्तीस वर्षं पहाटे साडेचारला केलंय, पहिली गाडी काढायच्या आधी, थंडीत, झोप अर्धी ठेवून.

मध्यंतरी एका परिचित संग्राहकाने मला कंपनीची अस्सल पायलट तबकडी मिळवून दिली. कोरी, पाकिटातली. दोन बारीक स्क्रू सैल करून जुनी काढायची आणि नवी बसवायची, एवढंच काम. मी तबकडी घेतली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. आबांना दाखवली तर ते तत्काळ म्हणाले, "बदलून टाक. नवं कोरं दिसंल." इथे माझी बोलती बंद झाली. कारण ज्यांच्या घड्याळासाठी मी हा सगळा वाद मांडते, त्यांचा निकाल माझ्या विरुद्ध आहे. घड्याळ वापरणारा माणूस चांगला पार्ट मिळाला की बसवतो. वाकडा चार जपून ठेवावा, हे फक्त मलाच सुचू शकतं. मूळ तबकडीसाठी जीव टाकणारा लंडनचा संग्राहक आणि रंगवलेल्या तबकडीसाठी जीव टाकणारी मी, आम्ही दोघं आबांच्या लेखी एकाच वेडाचे. तरी तबकडी मी बदललेली नाही. आबांनी तो चार पाहत घाट चढवले, कोऱ्या तबकडीवर ते कुठे दिसणार? आणि नवी तबकडी काही कुठे पळून जात नाही.

खरी पंचाईत तबकडीची नाहीच, माणसांची आहे. साताऱ्याचं ते दुकान आता मोबाइलच्या कव्हरांचं झालंय. पुण्यात मी ज्यांच्याकडे जाते ते काका सत्तरी ओलांडलेले, एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली बसतात. त्यांचा मुलगा बँकेत आहे आणि त्याला एका डोळ्यावर भिंग लावून बसायची हौस नाही. नव्या मुलांना सेल बदलता येतो. बालकमान, म्हणजे बॅलन्सच्या चाकाची ती केसाहून बारीक कमान, सरळ करता येणारे हात दर वर्षी कमी होतायत. त्यात दुरुस्तीचा खर्च घड्याळाच्या किमतीपेक्षा जास्त, नाकापेक्षा मोती जड. काका माझ्याकडून ठरलेल्यापेक्षा जास्त कधी घेत नाहीत, आणि मी जास्त द्यायला गेले की रागावतात. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून मी आता बंद पडलेली जनता घेऊन ठेवते, किलोवर मिळाली तरी. जनता आणि पायलट यांची मशीन एकाच घराण्यातली, एकाचं अवयवदान दुसऱ्याला चालतं.

यंदा पावसाच्या तोंडावर आबांच्या पायलटची मुख्य कमान तुटली. चावी देताना हाताला एकदम हलकं लागलं आणि ती नुसतीच फिरत राहिली. मी एक मेलेली जनता आणि ते पायलट, दोन्ही काकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी झाकण उघडलं, भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं. "ताई, कमान देतो बदलून. आस पण झिजलाय, तोही याच्यातला टाकू. तबकडी मात्र कुणी केलीय हो ही? चार बघा कसा पडलाय. सरळ करून देऊ का?"

मी नको म्हणाले. गणपतीनंतर या, म्हणालेत. कुठल्या वर्षीच्या, ते मी विचारलेलं नाही.